नामवंत पिचर घडवणारा संघ : कीर्ती की योगायोग?

१९४० च्या सुमारास अमेरिकेतील शिकागो शहरात एक मजेदार शर्यत झाली. एका बाजूला होती ताशी ८६ मैल, म्हणजे सुमारे १३८ किलोमीटर वेगाने येणारी मोटरसायकल. दुसऱ्या बाजूला बॉब फेलर नावाचा विशीतला तरुण बेसबॉलचा चेंडू हातात घेऊन उभा होता. मोटरसायकल त्याच्या शेजारून पुढे निघाली आणि त्याच सुमारास त्याने चेंडू फेकला. मोटरसायकल काही फूट पुढे गेलेली होती, तरीही समोरच्या लक्ष्यावर आधी पोचला तो चेंडू!

ही नुसती करमणूक नव्हती. त्या काळी चेंडूचा वेग मोजण्याचे सोयीचे साधन नव्हते, म्हणून ही युक्ती काढली होती. मोटरसायकलचा वेग ठाऊक होता. ठरावीक वेळात तिने किती अंतर कापले आणि तेवढ्याच वेळात चेंडूने किती कापले, हे पाहिले म्हणजे अंतरांच्या गुणोत्तरावरून वेगांचे गुणोत्तर मिळते. या हिशेबाने फेलरच्या चेंडूचा वेग ताशी १०४ मैल सांगितला गेला. पुढे १९४६ साली वॉशिंग्टन येथे अमेरिकन लष्कराच्या, प्रकाशाच्या पडद्यांवर चालणाऱ्या यंत्राने त्याचाच वेग मोजला. तो भरला ताशी ९८.६ मैल.

मग खरा आकडा कोणता? मोटरसायकलची पद्धत ओबडधोबड होती हे उघड आहे. पण आणखी एक मुद्दा आहे. हवेच्या प्रतिरोधामुळे चेंडू वाटेतच मंदावतो आणि लष्कराच्या यंत्राने वेग मोजला तो फलंदाजाच्या टोकाला. हातातून सुटताना तो याहून बराच जास्त असणार. म्हणजे नुसता आकडा सांगून भागत नाही. तो कोठे मोजला, कसा मोजला, हेही सांगावे लागते. विद्यार्थी मित्रहो, हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या लेखात त्याचा पुन्हा पुन्हा उपयोग होणार आहे.

हा फेलर क्लीव्हलँड या शहराच्या संघातून खेळत असे. ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी हे शहर आहे. त्या संघाचे नाव पूर्वी ‘इंडियन्स’ होते, २०२२ च्या हंगामापासून ते ‘गार्डियन्स’ झाले. बेसबॉलच्या जगात या संघाची कीर्ती अशी, की तो उत्तम पिचर घडवतो. ही कीर्ती कितपत खरी आहे? आणि ती खरी की खोटी हे ठरवायचे कसे? भौतिकशास्त्राचा विद्यार्थी या प्रश्नाकडे कसा पाहील, ते आपण पाहू या.

खेळाची थोडी ओळख

क्रिकेटमध्ये जो गोलंदाज, तो बेसबॉलमध्ये पिचर. पण तो धावत येत नाही. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहून तो चेंडू फेकतो, आणि चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे जातो. अंतर असते १८.४४ मीटर. आपली क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असते, म्हणजे फरक फारसा नाही. चेंडूही आकाराने जवळपास क्रिकेटच्या चेंडूएवढाच, वजनाला मात्र थोडा हलका, सुमारे १४५ ग्रॅम. फलंदाज तीनदा चुकला की बाद. याला ‘स्ट्राइकआउट’ म्हणतात. पिचरची प्रत मोजण्याचे जुने माप म्हणजे नऊ डावांमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा यात धरत नाहीत. हा आकडा जितका कमी, तितका पिचर चांगला. चार हा साधारण आकडा, तीनच्या खाली गेला तर उत्तम.

अमेरिकेत सर्वांत वरच्या पातळीवर ३० संघ आहेत. ते दोन लीगमध्ये विभागलेले आहेत. प्रत्येक लीगमधील सर्वोत्तम पिचरला दरवर्षी ‘साय यंग’ पारितोषिक मिळते. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली लहान संघांची उतरंड असते. नवे खेळाडू आधी तेथे तयार होतात. क्लीव्हलँडचे असे संघ अ‍ॅक्रन आणि कोलंबस या ओहायोतल्याच गावी आहेत. कॉलेज-शाळांतील खेळाडूंची दरवर्षी निवड होते. सगळे संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात. ज्याच्याविषयी फार आशा तो आधी उचलला जातो, आणि कमी आशेचे मागून.

कीर्तीचा पुरावा

आता पुरावा पाहू. २००७ साली क्लीव्हलँडच्या सी. सी. सबाथियाला साय यंग पारितोषिक मिळाले. २००८ साली क्लिफ लीला. २०१४ आणि २०१७ साली कोरी क्लूबरला. २०२० साली शेन बीबरला. म्हणजे २००७ ते २०२० या चौदा वर्षांत पाच पारितोषिके एकाच संघाच्या पिचरांना!

या काळात अमेरिकन लीगमध्ये २०१२ पर्यंत १४ आणि नंतर १५ संघ होते. आपण सोयीसाठी १४ धरू. पारितोषिक निव्वळ चिठ्ठ्या टाकून दिले असते, तर चौदा वर्षांत प्रत्येक संघाच्या वाट्याला सरासरी एकच आले असते. क्लीव्हलँडला आली पाच. चिठ्ठ्या टाकून एखाद्या ठरावीक संघाला पाच किंवा अधिक मिळण्याची संभाव्यता काढली तर ती सुमारे ५०० त १ येते. एवढा दुर्मीळ योगायोग कसा होईल? तेव्हा संघाची कीर्ती सिद्ध झाली, असे तुम्ही म्हणाल.

थांबा. मी तुम्हाला थोडे फसवले आहे. कोठे, ते शोधा बरे!

पहिली गोष्ट. ५०० त १ ही संभाव्यता ‘क्लीव्हलँड’ हे नाव आधीच ठरवले असेल तर खरी. पण आपण काय केले? चौदा संघांपैकी ज्याला जास्त पारितोषिके मिळाली त्याच्याकडे पाहिले आणि मग त्याचे नाव घेतले. चौदांपैकी कोणत्या तरी संघाला पाच मिळण्याची संभाव्यता जवळजवळ चौदापट, म्हणजे १०० त ३ च्या आसपास येते.

दुसरी गोष्ट. २००७ हे वर्ष सुरुवातीला आणि २०२० शेवटी कोणी धरले? मीच! पहिले पारितोषिक मिळाले त्या वर्षी मी मोजणी सुरू केली आणि शेवटचे मिळाले त्या वर्षी थांबवली. हा तर भिंतीवर आधी बाण मारून मग त्याच्याभोवती वर्तुळ काढण्याचा प्रकार झाला. क्लीव्हलँडला २००७ च्या आधीचे पारितोषिक मिळाले होते १९७२ साली, गेलॉर्ड पेरी याला. म्हणजे १९७३ ते २००६ ही ओळीने ३४ वर्षे या संघाला एकही मिळाले नाही. मी तेवढाच काळ निवडला असता, तर हाच संघ ‘पिचर घडवण्यात नालायक’ ठरला असता.

तिसरी गोष्ट. पाचांपैकी दोन पारितोषिके एकाच क्लूबरची आहेत. एकच चांगला पिचर सापडला तर त्याला दोनदा पारितोषिक मिळणे सोपे असते. म्हणून त्यांना दोन स्वतंत्र घटना म्हणता येत नाही.

चौथी गोष्ट. ‘घडवले’ म्हणजे काय? सबाथियाला संघाने १९९८ साली पहिल्याच फेरीत, विसाव्या क्रमांकावर उचलले होते. त्याच्याविषयी सर्वांनाच आशा होती. ली हा २००२ साली माँट्रियलच्या संघाकडून आला. आणि आपला फेलर? आयोवा राज्यातल्या शेतावर वडिलांनी त्याच्यासाठी मैदान तयार केले, तेथे तो शिकला, आणि १९३६ साली वयाच्या सतराव्या वर्षी तो थेट मोठ्या संघात खेळू लागला. त्याला घडवण्याचे श्रेय संघाला कसे द्यायचे?

म्हणजे पारितोषिकांची यादी कितीही लांब असली तरी तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मग काय पाहावे? एकाच माणसात ‘आधी’ आणि ‘नंतर’ काय फरक पडला, आणि त्या फरकाचे कारण सांगता येते का, हे पाहावे. त्यासाठी चेंडूच्या प्रवासाचे भौतिकशास्त्र समजून घेऊ.

पाव सेकंदाचाही दहावा भाग

चेंडू सोडताना पिचरचा हात पुढे आलेला असतो. त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात सुमारे १६.८ मीटरच जावे लागते. ताशी ९० मैल म्हणजे सेकंदाला ४०.२ मीटर, आणि ताशी ९५ मैल म्हणजे सेकंदाला ४२.५ मीटर. वाटेत हवेमुळे वेग साधारण ९ टक्के घटतो असे धरले, तर सरासरी वेग अनुक्रमे ३८.४ आणि ४०.६ मीटर होतात. आता भागाकार करा. पहिल्या चेंडूला लागतात ०.४३८ सेकंद, दुसऱ्याला ०.४१४ सेकंद.

फरक फक्त ०.०२४ सेकंदाचा. पाव सेकंदाचाही जेमतेम दहावा भाग! पण एवढ्यात गुरुत्वाकर्षण काय करते ते पाहा. खाली येण्याचे अंतर म्हणजे ½gt². पहिला चेंडू सरळ रेषेपासून सुमारे ९४ सेंटिमीटर खाली येतो, दुसरा ८४ सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही चेंडू एकाच दिशेने सोडले तरी फलंदाजापाशी त्यांच्या उंचीत १० सेंटिमीटरचा फरक पडतो. बेसबॉलची बॅट गोल दांडक्यासारखी असते आणि तिची जाडी जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर असू शकते. ज्याने ९० मैलांच्या अंदाजाने बॅट फिरवली, त्याच्या बॅटवरून ९५ मैलांचा चेंडू अलगद निघून जाईल.

म्हणून ताशी पाच मैलांची वाढ ही क्षुल्लक गोष्ट नाही. अर्थात ती फुकट मिळत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ९० मैलांच्या चेंडूची ऊर्जा सुमारे ११७ ज्यूल, तर ९५ मैलांच्या चेंडूची १३१ ज्यूल. वेग साडेपाच टक्क्यांनी वाढवायचा तर ऊर्जा सुमारे ११ टक्क्यांनी वाढवावी लागते. ती येते कोठून? पिचरच्या शरीरातून. या मुद्द्याकडे आपण शेवटी वळू.

फिरणारा चेंडू

चेंडू नुसता पुढे जात नाही, तो स्वतःभोवती फिरतही असतो. या फिरण्याला आपण परिवलन म्हणू. वेगवान चेंडूचे परिवलन मिनिटाला साधारण २३०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३८ फेरे असते. फलंदाजापर्यंत पोचेपर्यंत चेंडूचे सुमारे १६ फेरे होतात.

फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा त्याला उलट बाजूला ढकलते. याला ‘मॅग्नस परिणाम’ म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख मॅग्नस याने १८५२ साली त्याचा अभ्यास मांडला. न्यूटनच्याही लक्षात तो टेनिसच्या चेंडूवरून आला होता. बोटांनी चेंडूला उलटे फिरवले, म्हणजे त्याची वरची बाजू पिचरकडे येईल असे फिरवले, तर हवेचा रेटा वरच्या दिशेने लागतो. चेंडू वर चढत नाही, पण गुरुत्वाकर्षणाने जितका खाली यायला हवा तितका येत नाही. सुलटे फिरवले तर तो जास्तच खाली येतो. आस तिरकी केली तर बाजूला वळतो. आणि बंदुकीच्या गोळीप्रमाणे आस प्रवासाच्याच दिशेत ठेवली तर मॅग्नस परिणाम जवळजवळ नाहीसा होतो!

म्हणजे नुसते ‘भरपूर फिरव’ असे सांगून उपयोग नाही. कोणत्या आसाभोवती फिरव, हे सांगावे लागते. डोळ्यांना सेकंदाचे ३८ फेरे दिसत नाहीत. पूर्वीचे प्रशिक्षक अनुभवाने, अंदाजाने सांगत. आता मैदानात रडार आणि कॅमेरे असतात. मेजर लीगच्या सर्व मैदानांवर २०१५ पासून अशी मोजमापे होतात. २०२० पासून त्यासाठी ‘हॉक-आय’ची कॅमेरा-पद्धत आली. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय तपासताना तुम्ही तिचे चित्र पाहिलेच असेल. प्रत्येक चेंडूचा वेग, परिवलन आणि आस क्षणात हाती येते. पिचरने बोटांची पकड बदलली, की तिचा परिणाम पुढच्याच चेंडूला पाहता येतो. प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट बदलतो आणि वाचन घेतो, तसेच हे आहे.

क्लूबरची गोष्ट

आता कोरी क्लूबरकडे येऊ. २००७ साली त्याला सान दिएगोच्या संघाने चौथ्या फेरीत उचलले. २०१० साली तीन संघांमध्ये खेळाडूंची अदलाबदल झाली, त्यात तो क्लीव्हलँडकडे आला. तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. २०११ साली कोलंबसच्या संघात खेळताना त्याने नऊ डावांमागे सरासरी पाचाहून अधिक धावा दिल्या. सामान्यच आकडा.

२०१२ साली कोलंबस येथील प्रशिक्षक रूबेन निएब्ला यांनी त्याला एक बदल सुचवला. क्लूबर तोपर्यंत वेगवान चेंडू चार शिवणींवर बोटे ठेवून फेकत असे. अशा चेंडूला जवळजवळ शुद्ध उलटे परिवलन मिळते आणि तो सरळ जातो. निएब्लांनी त्याला दोन शिवणींवर बोटे ठेवून फेकायला लावले. या पकडीत आस तिरकी होते. हवेचा वरचा रेटा कमी होतो आणि बाजूचा वाढतो. परिणामी चेंडू शेवटी खाली येतो आणि हाताच्या बाजूला सरकतो. क्लूबरचा दुसरा चेंडू आधीपासूनच उलट बाजूला वळत असे. आता सुरुवातीला सारखे दिसणारे दोन चेंडू फलंदाजापाशी दोन वेगळ्या दिशांना जाऊ लागले. फलंदाजाने कोणत्या चेंडूवर बॅट फिरवायची?

२०१४ साली क्लूबरचा तोच आकडा २.४४ झाला, २६९ स्ट्राइकआउट मिळाले आणि साय यंग पारितोषिकही. २०१७ साली पुन्हा २.२५.

येथेही सावध राहायला हवे. ज्याचा आकडा एखाद्या वर्षी फार वाईट असतो, त्याचा पुढे आपोआपही थोडा सुधारतो. कारण वाईट आकड्यात वाईट नशिबाचाही वाटा असतो, आणि नशीब दरवेळी तितकेच वाईट नसते. चाचणीत एकदाच फार कमी गुण पडलेल्या मुलाचे पुढच्या वेळी बहुधा बरे होते, मग शिकवणी लावा किंवा न लावा! पण क्लूबरच्या बाबतीत सुधारणा एका वर्षाची नव्हती, कित्येक वर्षे टिकली. शिवाय तिच्यामागचे भौतिक कारण स्पष्ट सांगता येते. म्हणून पारितोषिकांच्या लांब यादीपेक्षा हा एकच पुरावा मला अधिक वजनदार वाटतो.

निवड की घडण?

शेन बीबर हा कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरलेला मुलगा. वेग बेताचा, पण चेंडू हवा तेथे टाकण्यात पटाईत. २०१६ च्या निवडीत १२१ खेळाडू उचलले गेल्यावर क्लीव्हलँडने त्याला घेतले. चारच वर्षांनी, साथीमुळे ६० सामन्यांपुरत्या झालेल्या २०२० च्या हंगामात, त्याने नऊ डावांमागे १.६३ धावा दिल्या आणि १२२ स्ट्राइकआउट मिळवले. टॅनर बायबी हाही तसाच. २०२१ साली पाचव्या फेरीत उचललेला. कॉलेजात त्याचा वेग ९० मैलांच्या आसपास असे. २०२३ साली मोठ्या संघात आला तेव्हा तो सरासरी ९५ मैलांच्या जवळ होता आणि नऊ डावांमागे धावा २.९८.

यात एक रीत दिसते. ज्याच्याकडे अचूकता आहे पण वेग नाही असा मुलगा घ्यायचा, आणि त्याला वेग शिकवायचा. मग श्रेय कोणाचे, निवडीचे की शिकवण्याचे? बहुधा दोन्हींचे, आणि त्यांची फोड करणे अवघड आहे. खरी फोड करायची तर निम्मे खेळाडू चिठ्ठ्या टाकून क्लीव्हलँडला आणि निम्मे दुसरीकडे पाठवावे लागतील. असा प्रयोग कोणी करू देणार नाही!

पण निदान एक हिशेब आपण मागू शकतो. २०२१ च्या निवडीत क्लीव्हलँडने २१ खेळाडू घेतले, त्यांत तब्बल १९ पिचर होते. बायबी आणि पहिल्या फेरीतला गॅव्हिन विल्यम्स हे दोघे दोन वर्षांत मोठ्या संघात आले आणि त्यांचे नाव झाले. उरलेल्या सतरांचे काय? कीर्तीचा हिशेब करताना १९ हा छेद धरलाच पाहिजे. नुसता अंश मोजला तर प्रत्येक संघ थोर ठरेल.

आपल्याकडेही असे एक उदाहरण घडले. २००८ साली भारतात वेगाने चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली. हजारो तरुणांतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पुढे आले. दोघांनीही त्यापूर्वी बेसबॉल खेळलेला नव्हता. पिट्सबर्गच्या संघाने दोघांना करारबद्ध केले. ही मोठीच गोष्ट होती, पण दोघांपैकी कोणी मेजर लीगपर्यंत पोचू शकला नाही. हातात वेग असणे ही एक बाब झाली. त्यातून पिचर घडणे ही निराळी बाब, आणि बहुतेकांचे घडणे वाटेतच थांबते.

कोपराची किंमत

शेवटी राहिला तो ऊर्जेचा प्रश्न. फेकताना पिचरचा खांदा सेकंदाला सुमारे ७००० अंश, म्हणजे जवळजवळ वीस फेऱ्यांच्या गतीने फिरतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६४ न्यूटन-मीटर आघूर्ण, म्हणजे पिळणारा जोर येतो. एक मीटर लांबीची काठी एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला साडेसहा किलोचे वजन टांगा, म्हणजे अंदाज येईल. हा जोर कोपराच्या आतील एक लहानसा अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू मिळून सोसतात. मृत देहांवरील प्रयोगांत तो अस्थिबंध एकटा याच्या सुमारे निम्म्या जोराला तुटतो असे दिसले आहे. म्हणजे स्नायू थकले की अस्थिबंधाची कसोटी लागते.

पूर्वी हा अस्थिबंध तुटला की पिचरचा खेळ संपे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिसच्या टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातील कंडरा काढून कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसवली. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ही शस्त्रक्रिया आता त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि फार मोठ्या संख्येने होते. २००८ साली मेजर लीगमध्ये वेगवान चेंडूचा सरासरी वेग ताशी ९१ मैलांच्या थोडा वर होता, २०२४ साली तो ९४ मैलांच्या वर गेला. दुखापतीही वाढल्या. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात अधिकाधिक वेगाचा आणि वळणाचा हव्यास हे त्याचे प्रमुख कारण सांगितले. हा हव्यास शाळकरी मुलांपर्यंत पोचला आहे, असेही त्यात म्हटले आहे.

आणि आपला शेन बीबर? २०२४ च्या हंगामात त्याने दोन सामन्यांत १२ डाव फेकले, एकही धाव दिली नाही, २० स्ट्राइकआउट मिळवले. त्यानंतर लगेच, एप्रिल महिन्यातच, त्याच्या कोपरावर हीच शस्त्रक्रिया करावी लागली. पुन्हा मैदानात उतरायला त्याला ऑगस्ट २०२५ उजाडला, तेही दुसऱ्या संघातून, टोरंटोकडून.

एका उदाहरणावरून संघाला दोष देणे चूक ठरेल. वर एका उदाहरणाविषयी जी सावधगिरी आपण घेतली, ती येथेही घ्यायला हवी. सर्वच संघांत ही दुखापत होते. पण पिचर घडवण्याचा लेखा मांडायचा तर त्यात हा रकाना असायलाच हवा. किती जण चमकले, एवढेच विचारून भागणार नाही. किती जण आले, किती टिकले आणि किती जणांचे कोपर गेले, हेही विचारायला हवे. अमेरिकेत लहान मुलांसाठी आता मर्यादा सुचवल्या आहेत. ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवशी ८५ हून अधिक चेंडू फेकू नयेत, ही त्यांतलीच एक.

तर क्लीव्हलँडची कीर्ती खरी की योगायोग? माझे उत्तर असे. पारितोषिकांच्या यादीवरून ती सिद्ध होत नाही. क्लूबरची पकड आणि बायबीचा वाढलेला वेग यांवरून, त्या संघाला काहीतरी खरेच शिकवता येते असे मानायला चांगला आधार मिळतो. आणि त्या शिकवण्याची किंमत किती, हा प्रश्न शिल्लक राहतो.

उद्या वर्तमानपत्रात एखाद्या क्लासची पानभर जाहिरात येईल. यशस्वी मुलांचे हसरे फोटो तीत असतील. तेव्हा क्लीव्हलँडची आठवण करा आणि चार प्रश्न विचारा. एकूण मुले किती होती? क्लासला येण्यापूर्वी ती कशी होती? सुधारणेचे कारण सांगता येते का? आणि जी मागे पडली, त्यांचे काय झाले?

करून पाहा

१. एका कागदाची सुमारे चार सेंटिमीटर व्यासाची हलकी नळी करून चिकटवा. टेबलावर एक फळी तिरकी ठेवून तिच्यावरून नळी गडगडत सोडा, म्हणजे ती फिरत फिरत टेबलाच्या कडेवरून खाली पडेल. ती पुढे पडते की वळून टेबलाखाली जाते, ते पाहा. तिचे परिवलन सुलटे आहे की उलटे, ते ठरवा आणि कारण लिहा.

२. चौदा चिठ्ठ्यांवर चौदा संघांची नावे लिहा. एक चिठ्ठी उचला, नाव टिपा, चिठ्ठी परत टाका. असे चौदा वेळा करा. वर्गातील प्रत्येकाने हा प्रयोग करावा. एखाद्या संघाचे नाव चार किंवा अधिक वेळा आले असे किती जणांना आढळले? साधारण पाच जणांमागे एकाला तसे आढळायला हवे. त्या ‘थोर’ संघाने काय बरे केले होते?

३. ताशी १०० मैल वेगाच्या चेंडूसाठी प्रवासाचा वेळ आणि खाली येण्याचे अंतर वरीलप्रमाणे काढा. ९५ वरून १०० मैलांवर गेल्याने होणारा फायदा ९० वरून ९५ वर गेल्याने झाला तेवढाच आहे, की कमी?